कचऱ्याच्या कप्प्यातलं टपाल

माझी नोकरी आवक-जावकची. साताऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात गेली सव्वीस वर्षं मी आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारते, क्रमांक घालते आणि आणणाऱ्याच्या हातात पोच ठेवते. कुणी पाच पानी अर्ज घेऊन येतो, त्यात कलेक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची तक्रार असते, अर्धा मजकूर लाल शाईत असतो. त्यालाही पोच द्यावीच लागते. साहेब तो कागद वाचतील का, हे मला ठाऊक नसतं. पण कागद आलाच नव्हता, असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. एवढं एक तत्त्व माझ्या नोकरीत आहे आणि त्याचा मला अभिमान होता.

होता म्हणते, कारण गेल्या कार्तिकात माझ्याच घरात, माझ्याच हातामुळे चौदा पत्रं पोच न मिळता कचऱ्यात जाऊन पडली. त्याचा राग मला अजून आवरत नाही. त्यातला माझा वाटा मी घेते. पण सगळा स्वतःच्या डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. न मागितलेलं टपाल लोकांच्या घरात ढकलायची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्यांना मी सोडणार नाही.

आधी माझ्या वडिलांबद्दल सांगते, म्हणजे आबांबद्दल. आबा सैन्यात सिग्नलला होते, वायरलेसवर. निवृत्तीला तीस वर्षं होऊन गेली, पण कानावरचा हेडफोन उतरला तो फक्त दिसायला. आई म्हणायची, "आवं, येताना कोथमीर आणा." की आबा दारातून म्हणायचे, "रॉजर." नुसतं "हं" त्यांना खपत नसे. हं म्हणजे ऐकलं की नाही ऐकलं? वायरलेसचे नियम त्यांनी आम्हाला पाढ्यांबरोबर शिकवले होते. निरोप मिळाला की पोच द्यायची. पोच आली नाही, तर पाठवणाऱ्याने तोच निरोप पुन्हा पाठवायचा, एक शब्दही न बदलता. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे आता पाळी पलीकडच्याची. ओव्हर म्हटल्यावर मध्ये तोंड घालायचं नाही. आणि सगळंच बोलणं संपलं की 'आउट'. पुढे जे झालं ते या नियमांपायीच झालं.

पत्रांच्या बाबतीतही आबांचा असाच कायदा. मी तिसरी-चौथीत असेन, गावाकडे आमच्या घरी एक पोस्टकार्ड आलं. एका देवीचं नाव, खाली मजकूर, की हे पत्र वाचून अशीच अकरा पत्रं लिहा. ज्याने लिहिली त्याला मुलगा झाला. ज्याने फाडलं त्याचा बैल मेला. त्या काळी अशी कार्डं गावोगाव फिरायची. आई घाबरली आणि माझ्या वहीच्या पाठीमागे यादी करत बसली, कुणाकुणाला पाठवायची. आबा नेमके सुट्टीवर आले होते. त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, "पाठवणाऱ्याचं नाव कुटं हाय?" नाव नव्हतं. कार्ड थेट चुलीत गेलं. "नाव न्हाई ते पत्र न्हवं. ज्याला नाव सांगायची लाज वाटती, त्याला पोच कसली?" दोन दिवसांनी म्हशीने दूध चोरलं आणि आईने आठ दिवस आबांना ऐकवलं. पण कायदा पक्का झाला. नाव नसलेलं पत्र चुलीत. नाव असलेल्या पत्राला पोच.

दुसरा माणूस म्हणजे आटपाडीचे काका. खरं नातं काही नाही. आबा आणि ते एकाच दिवशी भरती झाले, एकाच सेटवर बसले. काकांचा आवाज असा होता म्हणे, की बर्फाच्या वादळातही पलीकडच्या चौकीला एका शब्दात कळायचं, कोण बोलतंय. निवृत्त झाल्यावर ते आटपाडीला गेले, आबा साताऱ्याला आले, पण दर रविवारी फोन ठरलेला. मग काकांच्या घशात गाठ निघाली. सांगलीला शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक आणि हातात पाटी. तेव्हापासून ते सांगलीत लेकीकडेच राहायला लागले.

शस्त्रक्रियेनंतर आबांनी एकदाच फोन केला. काकांच्या लेकीने तो त्यांच्या कानाला लावला. आबा बोलले, थांबले. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, फसफसणारा. आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. परत आले ते म्हणाले, "आता फोन न्हाई करायचा. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायचं, ते त्याला आवडायचं न्हाई. मलाबी न्हाई."

मग मेल आला. काकांच्या नातीने सांगलीत त्यांचं खातं उघडून दिलं, मी इथे आबांचं. दोघंही एका बोटाने टंकायचे. एका रविवारी काकांचा मेल, पुढच्या रविवारी आबांचा. चार ओळी, फार तर पाच. कृष्णेला पाणी किती, गुडघा कसा, कोण गेलं. शेवटी 'पोच दे. ओव्हर.' पोच त्याच दिवशी जायची, आणि मग ज्याची पाळी तोच बोलायचा. आईच्या माघारी आबांना रविवारची वाट बघताना पाहिलं की मला बरं वाटायचं. त्या आवाज गेलेल्या माणसाने आबांच्या आठवड्याला एक दिवस दिला होता.

इथवर सगळं छान होतं. मग आबा एका प्रदर्शनात गेले. शेतीची अवजारं, लोणची, पाण्याच्या टाक्या, सगळं एकाच मांडवात. दारात एक कूपन भरायचं होतं. नाव, गाव, मेलचा पत्ता. आबांनी ते सुवाच्य अक्षरात पूर्ण भरलं, कारण फॉर्म अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही. पंधरा दिवसांत टपाल सुरू झालं.

प्रत्येक मेलच्या खाली नाव होतं. मॅनेजर अमुक, डायरेक्टर तमुक. म्हणजे आबांच्या कायद्याप्रमाणे ही पत्रं होती, आणि पत्राला पोच द्यायची. मी ऑफिसात असताना आबा लॅपटॉप उघडून एकेकाला उत्तर द्यायचे, सैन्यातल्या इंग्रजीत. "युवर मेसेज रिसीव्हड. नॉट रिक्वायर्ड अ‍ॅट प्रेझेंट. थँक यू." खाली स्वतःचा हुद्दा. केस उगवणाऱ्या तेलवाल्याला त्यांनी कळवलं, की मला टक्कल आहे आणि माझी काही तक्रार नाही. लॉटरीवाल्याला कळवलं, की मी तिकीट काढलेलं नाही, तेव्हा चूक झालेली दिसते, कृपया खऱ्या माणसाला शोधावे. परदेशातल्या कुणा बाईने लिहिलं होतं, की पती वारले, मागे मोठी संपत्ती आहे, मदत करा. आबांनी तिला सांत्वनाचं पत्र लिहिलं. धीर धरा, मुलांकडे बघा, देव आहे. तिच्याकडून तीन दिवसांत सहा उत्तरं आली, आणि प्रत्येक वेळी तिचा नवरा वेगळ्या आजाराने गेलेला होता.

"आबा, ही खोटी माणसं आहेत," मी ओरडले.

"एकादी खरी असली तर?"

"तुम्ही नाही म्हणून कळवलंत तरी त्यांना कळतं, की या पत्त्यावर माणूस आहे. मग ते अजून पाठवतात."

"मग कळू दे की. माणूस हायच की हितं."

हात दाखवून अवलक्षण, असं मी पुटपुटले आणि स्वयंपाकाला लागले. पण मेल वाढतच गेले. दिवसाला दहा, वीस, चाळीस. गुडघेदुखी, प्लॉट, कर्ज, वधूवर सूचक मंडळ. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला वधूवर सूचक मंडळ! एरवी असलं टपाल ओळखून यंत्र आपणच बाजूला काढतं म्हणतात. पण आबा उत्तर देतात म्हटल्यावर यंत्राला वाटायचं, ही यांची ओळखीपाळखीची माणसं. ते बापडं सगळ्यांना समोर आणून बसवायचं. त्या गर्दीत काकांचा रविवारचा मेल शोधायला आबांना अर्धा तास लागायला लागला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

मी चिडले की मुळाशी जाते, ही माझी जुनी खोड. या कचऱ्याचा पहिला धनी कोण, हे शोधायला मी बसले. आणि सापडला की. सत्तरच्या दशकात, अमेरिकेत. तेव्हा एकमेकांना जोडलेली यंत्रंच मोजकी, ती वापरणारी माणसं शिकलीसवरलेली, एकमेकांना ओळखणारी. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याला आपली नवी यंत्रं दाखवायची होती. त्याने काय करावं? त्या सगळ्यांच्या पत्त्यांचं छापील पुस्तक होतं, ते घेतलं आणि जवळजवळ चारशे जणांना एकच आमंत्रण धाडलं. पत्ते इतके होते, की पत्त्याच्या जागेत मावेनात. उरलेले पत्राच्या मजकुरात सांडले. म्हणजे जगातला पहिला न मागितलेला मेल हा ओतू गेलेला होता, आणि तो आजतागायत ओतू जातोच आहे.

लोक भडकले. त्याला वरून दम मिळाला, पुन्हा असं करू नको. पण त्याची यंत्रं खपली. इथेच सगळा घात झाला. त्या दिवशी एकही यंत्र खपलं नसतं, तर माझ्या आबांचं खातं आज स्वच्छ असतं.

पुढे एका वकील जोडप्याने आपली जाहिरात एकाच वेळी हजारो ठिकाणच्या चर्चांमध्ये चिकटवली, आणि लोकांनी शिव्या घातल्यावर उलट अभिमानाने सांगितलं, की धंदा असाच करायचा असतो. चोराच्या उलट्या बोंबा. आणि या प्रकाराला 'स्पॅम' म्हणतात ते एका डबाबंद मांसावरून, हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. आमच्या घरात एकादशीला कांदा शिजत नाही आणि आबांच्या टपालात हे नाव.

सगळ्यात गंमत म्हणजे ती संपत्तीवाली विधवा. ती मेलच्या आधीची आहे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात हाताने लिहिलेली पत्रं फिरायची, की एक श्रीमंत माणूस परक्या देशात कैदेत पडलाय, त्याला सोडवायला मदत करा, तो तुम्हाला पैशाने न्हाऊ घालेल. पेटारा तोच, फक्त कैद्याच्या जागी विधवा बसली. आणि आमच्या देवीच्या कार्डाचीही तीच जात. तरी त्या कार्डाला एक लाज होती. ते लिहिणाऱ्याला हात दुखेपर्यंत अकरा वेळा लिहावं लागायचं आणि प्रत्येक कार्डाला पदरचे पैसे मोजावे लागायचे. या नव्या लोकांना हातही दुखवावा लागत नाही. लाखो घरांत घुसायचं आणि झाडायचं काम घरच्यांनी करायचं. माझ्या ऑफिसात कुणी रोज चाळीस निनावी गठ्ठे आणून टाकले असते, तर शिपायाने त्याला गेटबाहेर काढलं असतं. इथे गेटच नाही.

असं सगळं वाचून डोकं तापलेलं. शनिवार होता, आबा फिरायला गेले होते. मी त्यांचं खातं उघडलं. पानावर पन्नास मेल. वर एक चौकोन असतो, तो दाबला की सगळ्यांवर एकदम खूण होते. मी खूण केली आणि 'हा कचरा आहे' असं यंत्राला सांगितलं. दुसरं पान. पुन्हा तेच. पाच-सहा पानं मी अशी झाडली. खरं सांगते, फार बरं वाटलं. पुन्हा असले मेल आले तर समोर आणू नकोस, कचऱ्याच्या कप्प्यात टाक, एवढं यंत्र शिकलं. आबा आले तेव्हा पाटी कोरी होती.

"सगळं गेलं?" आबांनी विचारलं.

"सगळं."

"रॉजर," आबा म्हणाले.

त्या पानांमध्ये काकांचे दोन-तीन जुने मेल होते. आबांनी वाचलेले, पोच दिलेले, नुसते पडून राहिलेले. मी एकेक नाव बघितलं नाही. आवक-जावकची बाई, सव्वीस वर्षं एकेक कागद बघणारी, त्या दिवशी गठ्ठाच उचलला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. पण काडी माझी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाळी काकांची. मेल आला नाही.

आबा म्हणाले, येईल उद्या. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पुढचा रविवार गेला. मी म्हटलं, "तुम्हीच चार ओळी लिहा ना." आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अश्लील बोलले.

"मी ओव्हर म्हणालोय. लाईन त्याच्याकडं हाय."

"मग मी त्यांच्या लेकीला फोन करते."

"करायचा न्हाई. रुसला असंल कशावर तरी. बोलंल त्याला वाटंल तवा."

मीही हट्ट केला नाही. ऑफिसात तपासणी लागली होती, घरी आल्यावर पाय दुखायचे. आबा रोज सकाळी लॅपटॉप उघडायचे, रिकामं पान बघायचे आणि मिटायचे. एवढं स्वच्छ टपाल त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. मला तर मनातून आपल्या कामाचं कौतुकच वाटत होतं.

मग आला हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन घेणाऱ्याने आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कळवायचं असतं. आम्ही ते ऑनलाइन केलं, पण पोचेचा मेल येईना. ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, "स्पॅममध्ये बघ गं, तिथे जातात कधीकधी." बुधवारी संध्याकाळी मी आबांच्या खात्याचा तो कप्पा उघडला. असा कप्पा असतो हे आबांना माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

दाखल्याची पोच होती. आणि तिच्या आजूबाजूला, तेलं आणि प्लॉट आणि त्या विधवेच्या मधोमध, काकांचं नाव. एकदा नाही. मी झाडलेले जुने सोडून चौदा वेळा.

पहिला मेल त्या रविवारचाच होता. "गाठ पुन्हा आली. मोठी शस्त्रक्रिया सांगितली आहे. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. डॉक्टर फार बोलत नाहीत. त्याआधी एकदा येऊन जा. पोच दे. ओव्हर." दोन दिवस त्यांनी वाट बघितली. बुधवारपासून तोच मेल, रोज सकाळी सहा वाजता, शब्द न बदलता. पोच नाही आली, निरोप पुन्हा पाठवायचा. सिग्नलवाल्या माणसाने सिग्नलवाल्यासारखं केलं. आणि यंत्राने काय बघितलं? एकच मजकूर, रोज एकाच वेळी, तेही मी आधीच कचरा म्हणून शिक्का मारलेल्या पत्त्यावरून. त्याच्या मते यापेक्षा पक्का कचरा जगात असूच शकत नव्हता. तीस दिवस झाले की तो कप्पा आपोआप साफ होतो. अजून चार आठवडे उघडला नसता, तर काकांनी बोलावलं होतं हेही कधी कळलं नसतं.

चौदावा मेल सोमवारचा, सकाळी सहाचा. शस्त्रक्रियेच्या दिवसाचा. त्यालाही दोन दिवस झाले होते.

मी आबांना दाखवलं. त्यांनी चौदाच्या चौदा वाचले. मी म्हटलं, पुढचे सगळे तेच आहेत. तरी वाचले. मग विचारलं, "हे कुटं व्हतं इतकं दिस?"

"कचऱ्यात," मी म्हटलं. "मी टाकलं."

आबांनी लॅपटॉप मिटला. उठले आणि पिशवीत टॉवेल, चष्म्याची डबी भरायला लागले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते, तर मला सोपं गेलं असतं.

काकांच्या लेकीला मी फोन केला, नियम मोडून. ती म्हणाली, "मी सारखी म्हणत होते ताई, साताऱ्याला फोन लावते म्हणून. त्यांनी पाटीवर लिहिलं, नको, पोच येईल. रोज सकाळी त्यांचा पाठवून झाला की मी विचारायचे, आली का? तर पाटीवर उद्या."

गुरुवारी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. कराड गेलं, मग उसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. आबा खिडकीशी ताठ बसून होते, पिशवी मांडीवर. सांगली स्टँडवरून रिक्षा केली, मार्केट यार्डावरून जाताना हळदीचा वास आला. आबा तेवढंच बोलले, "ह्यो वास त्यानं लिवला व्हता एकदा."

दवाखान्यात काका काचेच्या खोलीत होते. एका वेळी एकाच माणसाला आत सोडत होते. आबा गेले. मी काचेतून बघत होते. नळ्यांच्या गर्दीत काकांचा चेहरा लहान दिसत होता, डोळे मिटलेले. आबा खुर्ची असूनही बसले नाहीत. सरळ उभे राहिले, मग वाकून कानाशी काहीतरी बोलले. फार तर अर्धा मिनिट. बाहेर आले.

"काय सांगितलंत?"

"पोच दिली. मेसेज चौदा, चौदाच्या चौदा रिसीव्हड. उशीर आमच्याकडनं झाला."

"ऐकलं त्यांनी?"

"काय सांगू? डोळं मिटल्यालं व्हतं."

माझ्या तोंडातून गेलं, "आउट म्हणालात?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ओव्हर म्हणालो. पाळी त्याची हाय आता."

रविवारी काका गेले.

साताऱ्याला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते काकांच्या पत्त्याचं. यंत्राला सांगितलं, की या पत्त्यावरचं काहीही, कधीही कचऱ्यात टाकायचं नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण. आता त्या पत्त्यावरून कोण लिहिणार होतं? पण केल्याशिवाय मला चैन पडेना. आबांच्या इतर टपालाची पोच मात्र बंद झाली. मी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांनी आपणच सोडलं.

फाल्गुनात, एका सकाळी मी भाजी चिरत होते. आबांनी आतून हाक मारली. अशी हाक मी आई असतानाच ऐकली होती.

"आगं ये. त्याचं टपाल आलंय."

मी धावले. आवक पानावर एकच मेल, काकांचं नाव, पुढे माजी हवालदार. आबांचं बोट हवेत थांबलेलं. उघडायचं धाडस होत नव्हतं. मी उघडलं.

पोटाची चरबी उतरवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात होती. कुणीतरी, कुठल्या देशात बसून, काकांच्या खात्याचं कुलूप तोडलं होतं. मेलेल्या माणसाच्या नावावर आपला माल लादून त्याच्या ओळखीच्या दारांवर पाठवला होता. इतरांच्या घरी तो कचऱ्यात गेला असेल. आमच्याकडे तो सरळ समोर येऊन बसला, कारण मीच यंत्राला तसं सांगून ठेवलं होतं.

मला जे वाटलं त्याला शिवीशिवाय शब्द नाही, आणि ती मी दिली, आबांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा. मग माउस ओढला. "थांबा, याला आत्ता कचऱ्यात घालते. पत्ताच बंद करते."

आबांनी माझं मनगट धरलं.

"त्यो न्हाई ह्यो, मला कळतंय. पर त्याच्या नावावर त्यो शिक्का एकदा बसलाय. पुन्ना तू मारायचा न्हाईस."

"मग काय करायचं?"

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका बोटाने, खाडाखोड करत, दहा मिनिटं टंकत होते. "यू आर नॉट ही. रिटर्न हिज नेम." खाली हुद्दा. ओव्हर नाही, आउट नाही. माझ्याकडे बघितलं. उत्तर दिलं की त्यांना कळतं इथे माणूस आहे, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी एक अक्षर बोलले नाही. त्यांनी पाठवलं.

पुढच्या आठवड्यात काकांच्या नावाने सात मेल आले. सगळे आवक पानावर आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.